एस्प्रेसो-परीक्षण

एस्प्रेसो-परीक्षण : भाजून बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसविलेल्या थरातून उच्च दाबाखालील गरम पाणी थोड्या सेकंदांत पाठवून जे दाट पेय काढतात, त्यास एस्प्रेसो असे म्हणतात. हे पेय, त्यात दूध मिळवून केलेली कॅपुचिनो, लाटे यांसारखी पेये आणि ती पुरविणाऱ्या उपाहारगृहाची सेवा यांचे ठराविक कसोट्यांनुसार मूल्यमापन करणे म्हणजे एस्प्रेसो-परीक्षण होय. मळेवाले व निर्यातदार करतात ते कच्च्या कॉफीचे परीक्षण यापेक्षा वेगळे आहे. त्यात बियांची प्रत ठरविली जाते (→ कॉफी). उपाहारगृहातील परीक्षणात बी, भाजणी, दळण, पाणी, यंत्र, दूध आणि पेय करणाऱ्याचे कौशल्य या सर्वांचा एकत्रित परिणाम गिऱ्हाइकापुढे आलेल्या पेल्यात तपासावयाचा असतो. त्यामुळे पेय चांगले की वाईट एवढे सांगून परीक्षण पूर्ण होत नाही. ते तसे का झाले, हेही सांगता आले पाहिजे. शहराच्या एखाद्या उपनगरातील लहान उपाहारगृहाचे बहुतेक गिऱ्हाईक आसपासच्या वस्तीतीलच असते. अशा ठिकाणी उतावीळपणे दिलेला प्रतिकूल अभिप्राय व्यवसायास मारक ठरू शकतो, तर कारण दाखवून दिलेला अभिप्राय सुधारणेस उपयोगी पडतो.

इतिहास : एस्प्रेसो या इटालियन शब्दात ‘दाबून काढलेले’ आणि ‘मागणीनुसार त्याच वेळी खास केलेले’ असे दोन्ही अर्थ अभिप्रेत आहेत. तूरिन येथील आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. मिलानच्या लुईजी बेत्सेरा यांनी १९०१ मध्ये एकस्व घेतलेल्या यंत्रात एकेका पेल्यासाठी स्वतंत्र, मुठीच्या गाळणीची योजना होती. देझिदेरिओ पाव्होनी यांनी त्याचे हक्क घेऊन या यंत्रांचे उत्पादन सुरू केले व १९०६ च्या मिलान येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. या यंत्रांत वाफेचाच दाब वापरला जाई. तो बेताचा असे आणि पाणी फार तापल्यामुळे कॉफीस करपट चव येई. आकिल्ले गाज्जा यांनी १९३८ मध्ये घेतलेले एकस्व व त्यानंतर १९४८ च्या सुमारास बाजारात आणलेले तरफेचे यंत्र यांमुळे हा दोष दूर झाला. तरफ व स्प्रिंग यांनी ढकलल्या जाणाऱ्या दट्ट्यामुळे पाण्याचा दाब वातावरणीय दाबाच्या सु. ८ ते ९ पट होऊ लागला आणि पेयावर तपकिरी, मऊ फेसाचा थर दिसू लागला. हा थर ‘क्रेमा’ या नावाने ओळखला जातो. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ या यंत्रात विजेच्या पंपाचा उपयोग करण्यात आला व दाब कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहिला नाही. आजच्या बहुतेक यंत्रांची मूळ रचना याच धर्तीची आहे.

भारतातील प्रसार : भारतात कॉफीचे पेयपान प्रथम दक्षिणेत रुजले व ते गाळणीच्या कॉफीच्या रूपाने. मुंबईस चर्चगेट भागात १९३६ मध्ये पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. १९४२ च्या कायद्यानुसार कॉफी बोर्डाची व्यवस्था अस्तित्वात आली. बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरविल्यावर १९५७-५८ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी ती चालविण्यास घेतली. पुण्यात लष्कर भागातील व फर्ग्युसन रस्त्यावरील इराणी उपाहारगृहांनी चहाची, तर दाक्षिणात्य उपाहारगृहांनी गाळणीच्या कॉफीची सवय लावली. कॉफी बोर्डाकडे पीक जमा करण्याची सक्ती १९९० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने दूर झाली व उत्पादकांना आपले पीक खुल्या बाजारात विकता येऊ लागले. १९९६ मध्ये बंगळूर येथे कॅफे कॉफी डे या साखळीचे पहिले दुकान निघाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाटा उद्योगसमूहाच्या भागीदारीत स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान मुंबईस हॉर्निमन सर्कलजवळ उघडले. त्यानंतरच्या काळात मळ्याचे नाव व भाजणीची तारीख पिशवीवर छापून कॉफी विकणारे लहान भाजणीवाले पुढे आले आणि त्यांच्याकडून बी घेणारी स्वतंत्र उपाहारगृहे शहरांच्या उपनगरांतही दिसू लागली.

भारतातील कॉफीच्या उत्पादनापैकी बराच मोठा भाग निर्यात होतो व इटली हा तिचा एक प्रमुख ग्राहक आहे. भारतीय रोबस्टा जातीची कॉफी क्रेमा दाट येण्यासाठी तेथील मिश्रणांत वापरली जाते. म्हणजे पुण्यातील उपाहारगृहास जे पेय परदेशी वाटते, त्याच्या घडणीत कर्नाटक-केरळच्या मळ्यांचा वाटा आहे. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदरा येथे अल्प प्रमाणात कॉफीची लागवड आढळते.

एकाच नावाची दोन पेये : महाराष्ट्रात परीक्षकाने प्रथम नावाचा घोटाळा दूर करावयास हवा. लग्नसमारंभात व खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर ‘एस्प्रेसो’ किंवा ‘एक्स्प्रेसो’ कॉफी म्हणून जे पेय मिळते, त्यात झटपट विरघळणारी कॉफी व साखर दुधात मिसळून त्यात बंबासारख्या यंत्रातील वाफ सोडतात आणि वर आलेल्या फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरतात. या पेयात कॉफीच्या दळणातून पाणी दाबाने जात नाही. वाफेचा उपयोग दूध तापविण्यापुरताच असतो. दाक्षिणात्य गाळणीच्या कॉफीत पाणी गुरुत्वाकर्षणाने हळूहळू झिरपते आणि पुष्कळदा दळणात चिकोरी मिसळलेली असते. ही दोन्ही पेये आपापल्या जागी लोकप्रिय आहेत व चांगली करता येतात. तथापि दाबाखाली काढलेल्या एस्प्रेसोच्या कसोट्या त्यांना लावणे अयोग्य ठरते. उलट, खाद्यसूचीत कॅपुचिनो लिहून प्रत्यक्षात झटपट कॉफी देणे हा चवीचा नसून गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्याचा दोष होय. जे नाव सांगितले तेच पेय दिले काय, ही सर्व परीक्षणातील पहिली कसोटी आहे.

मापनयोग्य कसोट्या : इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने (स्थापना १९९८) पारंपरिक एस्प्रेसोसाठी पुढील प्रमाणे ठरविली आहेत : एका पेल्यास दळलेली कॉफी ७ ग्रॅ. (अर्धा ग्रॅम कमीअधिक). यंत्रातून निघणाऱ्या पाण्याचे तापमान ८८° से. (२° कमीअधिक), दाब ९ बार (१ बार कमीअधिक), पेय उतरण्यास लागणारा काळ २५ सेकंद (५ सेकंद कमीअधिक), फेसासह पेयाचे घनफळ २५ मिलि. (२·५ मिलि. कमीअधिक) आणि पेल्यातील पेयाचे तापमान ६७° से. (३° कमीअधिक). अलीकडील अनेक उपाहारगृहे घनफळाऐवजी वजनावर भर देतात. दुहेरी मापासाठी सु. १८ ग्रॅ. कॉफी घेऊन २५ ते ३० सेकंदांत सु. ३६ ग्रॅ. पेय उतरवितात, म्हणजे कॉफी व पेय यांचे प्रमाण १ : २ पडते. हलक्या भाजणीच्या कॉफीस थोडे अधिक तापमान व अधिक पाणी लागते. म्हणून इटालियन प्रमाणापासून फरक दिसला, तर त्यास लगेच दोष म्हणू नये. तो फरक हेतुपुरस्सर व प्रत्येक पेल्यात सारखा आहे काय, हे पाहावे.

भाजलेल्या कॉफीचा सु. २८ ते ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सर्व पेल्यात आलेला इष्ट नसतो. सर्वसाधारणपणे कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश उतरला असता चव समतोल लागते. प्रथम आम्ले, नंतर गोडसर अंश व शेवटी कडू आणि तुरट द्रव्ये अधिक प्रमाणात उतरतात. एस्प्रेसोच्या बहुतेक दोषांचे निदान या क्रमावरून करता येते.

चव व दोषनिदान : एस्प्रेसोचे परीक्षण साखर न घालता व पेला समोर येताच सुरू करावे लागते. २५ ते ३० मिलि. पेय फार लवकर निवते. छताच्या पंख्याखाली ही क्रिया अधिकच वेगाने होते. त्यामुळे पेला आधी गरम केला होता काय, ही किरकोळ वाटणारी बाब चवीवर बराच परिणाम करते. प्रथम क्रेमाचा रंग व टिकाऊपणा पाहतात. ताज्या भाजणीच्या कॉफीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू साठलेला असतो. दाब नाहीसा होताच तो बाहेर पडून तेलकट व इतर द्रव्यांसह फेस तयार होतो. क्रेमा लवकर विरून तळाचे काळे पेय दिसू लागल्यास कॉफी शिळी असण्याचा किंवा दळण जाड असण्याचा संभव असतो. मात्र रोबस्टा मिसळल्यानेही क्रेमा जाड येतो. तेव्हा जाड क्रेमा म्हणजे उत्तम कॉफी हा समज बरोबर नाही. यानंतर पेय चमच्याने ढवळून गंध घेतात व दोन-तीन घोटांत आंबटपणा, गोडवा, कडवटपणा, दाटपणा आणि मागे रेंगाळणारी चव यांची नोंद करतात.

पेय पंधरा सेकंदांच्या आत भराभर उतरले, क्रेमा फिकट आला व चव तीव्र आंबट आणि पाणचट लागली, तर दळण जाड आहे, कॉफी कमी घेतली आहे किंवा पाणी पुरेसे तापलेले नाही असे अनुमान निघते. पेय थेंबथेंब उतरून क्रेमा काळपट झाला व चव करपट, जिभेला कोरड पाडणारी लागली, तर दळण फार बारीक असते किंवा कॉफी जास्त झालेली असते. आंबट व कडू या दोन्ही चवी एकाच पेल्यात तीव्रपणे जाणवल्यास थर सारखा दाबला गेलेला नसून पाण्याने त्यातून वाट काढली, असे समजावे. खवट चव जुन्या कॉफीची किंवा यंत्राच्या गाळणीत साचलेल्या तेलाची निदर्शक असते. पुण्यात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढते व उघड्या डब्यातील दळण ओलावा धरते. सकाळी जुळविलेले दळणयंत्र दुपारी पुन्हा जुळवावे लागते. ते जुळविले जाते की नाही, यावरून कारागिराची दक्षता कळते.

पाणी : एस्प्रेसोचा दहा भागांपैकी सु. नऊ भाग पाणीच असते. तरीही परीक्षणात पाण्याचा विचार क्वचितच होतो. विशेष दर्जाच्या कॉफीसाठी प्रतिलिटर सु. १५० मिग्रॅ. विरघळलेले क्षार असलेले पाणी योग्य मानतात. क्षार फार असल्यास यंत्रात पुटे धरतात व चव बोथट होते. क्षार जवळजवळ नसल्यास पेय आंबट व पोकळ लागते. पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीकाठी व मुंबई-बंगळूर महामार्गालगत असलेले वारजे हे याचे चांगले उदाहरण होय. १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या या पूर्वीच्या गावात गृहसंकुले झपाट्याने वाढली. शेजारच्या कर्वेनगरमधील अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांचीही वर्दळ असते. शहरास मिळणारे खडकवासला धरणसाखळीचे पाणी पावसाच्या साठ्याचे असल्याने त्यात क्षार कमी असतात. याउलट बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहण्याची वेळ आली, म्हणजे त्याच उपाहारगृहातील पाण्याचे गुणधर्म आठवड्याच्या आत बदलू शकतात. शुद्धीकरण यंत्रातून सर्व क्षार काढून टाकले, तर दुसऱ्या टोकाचा दोष उद्‍भवतो. एप्रिल-मे महिन्यांत चव बिघडल्यास कारागिरास दोष देण्यापूर्वी पाणी कोठून येते हे विचारणे न्याय्य ठरते.

दुधाची पेये : भारतात बहुतेक गिऱ्हाइके दूध घातलेलीच कॉफी घेतात. त्यामुळे उपनगरातील उपाहारगृहाची खरी परीक्षा कॅपुचिनोत होते. वाफेच्या नळीने प्रथम दुधात थोडी हवा मिसळून नंतर ते घुसळीत तापवितात. चांगल्या फेसातील बुडबुडे डोळ्यांस वेगळे दिसत नाहीत. दूध ओल्या रंगासारखे तुकतुकीत दिसते. दुधाचे तापमान ५५° ते ६५° से. असावे, या मर्यादेत त्याचा मूळचा गोडवा चांगला जाणवतो. ७०° से. च्या पुढे प्रथिनांचे स्वरूप बदलते, फेस कोरडा होतो व उकळलेल्या दुधाचा वास येतो. फेस मुख्यतः प्रथिनांमुळे टिकतो, तर स्निग्धांशाने त्यास मऊपणा येतो. टोन्ड दुधात ३ टक्के, प्रमाणित दुधात ४·५ टक्के व पूर्ण साईच्या दुधात ६ टक्के स्निग्धांश असावा, असे भारतीय मानक आहे. म्हशीचे दूध अधिक स्निग्ध असल्याने त्याची कॅपुचिनो दाट लागते. परंतु कॉफीची चव त्यात झाकली जाण्याचा संभव असतो. कोणते दूध चांगले यापेक्षा निवडलेल्या दुधास साजेशी कॉफी घेतली आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे होय. एकदा तापविलेले दूध पुन्हा तापवून देणे हा निश्चित दोष मानतात. फेसावर काढलेले पान किंवा हृदय यांसारखी नक्षी दूध नीट घुसळल्याची साक्ष देते; मात्र तिच्यावरून पेयाच्या चवीविषयी काही कळत नाही.

पुष्कळ गिऱ्हाइकांना चहाप्रमाणे कॉफीही कढत लागते. तशी मागणी कोणी केल्यास ती पुरविणे ही चांगली सेवा होय. तेवढ्यावरून दूध जास्त तापविल्याचा दोष देऊ नये.

सेवा : सेवेच्या परीक्षणात मागणी घेण्यातील तत्परता व अचूकपणा, पेय येण्यास लागलेला काळ, पेला-बशीची व मेजाची स्वच्छता, न मागता दिलेले पिण्याचे पाणी आणि चुकीचे पेय आल्यास ते बदलून देण्याची वृत्ती यांचा समावेश होतो. यंत्राजवळच्या काही सवयी गिऱ्हाइकास बसल्या जागेवरून दिसतात. वाफेची नळी प्रत्येक वेळी वापरल्यावर लगेच पुसली जाते काय व तिचे फडके वेगळे आहे काय, गाळणी बसविण्यापूर्वी थोडे पाणी सोडले जाते काय, दळण प्रत्येक पेल्यास ताजे केले जाते काय, यांवरून कामाची शिस्त कळते. बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक असणे आवश्यक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवा आकार बिलात आपोआप लावता येत नाही. तो देणे गिऱ्हाइकाच्या इच्छेवर असते.

किंमत व सेवा यांचा विचार एकत्र करावा लागतो. इटलीत एस्प्रेसो बहुधा उभ्यानेच पितात व बसून घेतल्यास अनेक ठिकाणी अधिक दर पडतो. पुण्यातील उपाहारगृहात एका कॉफीवर गिऱ्हाईक तास-दोन तास अभ्यास किंवा काम करीत बसते. पेयाच्या किंमतीत जागेचे भाडे अप्रत्यक्षपणे आलेले असते. म्हणून कॉफी महाग आहे असा शेरा देताना ती बसण्याच्या जागेसह आहे की हाती घेऊन जाण्यासाठी आहे, हे नमूद करणे इष्ट असते.

परीक्षणाची पद्धती : औपचारिक परीक्षणाचा नमुना म्हणून जागतिक बॅरिस्टा स्पर्धेचा उल्लेख करतात. (एस्प्रेसो यंत्रावर काम करणाऱ्या कारागिरास बॅरिस्टा ही संज्ञा आहे.) ही स्पर्धा २००० साली माँटी कार्लो येथे प्रथम भरली. तीत स्पर्धकाने १५ मिनिटांत चार एस्प्रेसो, चार दुधाची पेये व स्वतः योजिलेली चार पेये सादर करावयाची असतात. चव तपासणारे व कामाची पद्धत तपासणारे परीक्षक वेगळे असून सर्वांवर एक प्रमुख परीक्षक असतो. चव व कारागिरी यांचे गुण वेगवेगळे देण्याचे हे तत्त्व सामान्य गिऱ्हाइकासही उपयोगी पडते. पेय, कारागिरी व सेवा यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. त्यांची बेरीज करून एकच आकडा दिल्यास हसतमुख सेवेखाली करपट कॉफी झाकली जाते किंवा उत्तम कॉफीमुळे अस्वच्छता दुर्लक्षिली जाते.

एका भेटीवरून मत बनविणे धोक्याचे असते. दुकान उघडल्यावर, संध्याकाळच्या गर्दीत व बंद होण्यापूर्वी अशा किमान तीन वेळी तेच पेय घेऊन पाहिले असता उपाहारगृहाचे खरे स्वरूप कळते. उघडल्यावर दळण जुळलेले नसते, गर्दीत घाई होते व शेवटी यंत्र मळलेले असते. या तिन्ही वेळी पेला सारखा येणे हे चांगल्या उपाहारगृहाचे प्रमुख लक्षण होय. प्रथम साधी एस्प्रेसो व नंतर दुधाचे पेय असा क्रम ठेवावा आणि दोहोंमध्ये पाणी प्यावे. तिखट पदार्थ, पान किंवा धूम्रपान यानंतर केलेले परीक्षण विश्वसनीय नसते. दोन उपाहारगृहांच्या कॉफीतील भेद आपणास खरोखर ओळखता येतो काय, हे पाहण्यासाठी त्रिकोणी चाचणी करतात. तीत तीनपैकी दोन पेल्यांत एक व तिसऱ्यात दुसरी कॉफी ठेवून, नाव न सांगता, वेगळा पेला ओळखावयाचा असतो. कॉफीच्या वजनात अरेबिकात सु. १·२ टक्के, तर रोबस्टात सु. २·२ टक्के कॅफीन असते. निरोगी प्रौढास दिवसाकाठी ४०० मिग्रॅ. पर्यंतचे कॅफीन सामान्यतः सुरक्षित मानतात; म्हणून अनेक पेले तपासताना घोट घेऊन थुंकण्याची पद्धत आहे.

मर्यादा : रुची ही सवयीने घडते. गाळणीच्या कॉफीवर वाढलेल्यास हलक्या भाजणीची एस्प्रेसो आंबट वाटते, तर तिची सवय झालेल्यास काळ्या भाजणीची कॉफी जळकी वाटते. यांपैकी कोणतेही मत चूक नव्हे. मात्र आवड व दोष यांत भेद करता आला पाहिजे. शिळी कॉफी, मळकी नळी, थंड पेला, खोटे नाव हे दोष सर्वांच्या दृष्टीने दोषच असतात. आंबटपणा, दाटपणा व भाजणीची छटा हे पसंतीचे विषय होत. साखळीतील दुकानाजवळ प्रमाणित यंत्रे, प्रशिक्षण व पाणी शुद्ध करण्याची सोय असते. एकट्या मालकाच्या दुकानात ती सर्व त्याच्याच खर्चाने उभी राहते. म्हणून लहान दुकानास सवलतीचे गुण द्यावेत असे नव्हे. पेल्यातील दोष तोच मानावा, पण त्याचे कारण शोधून ते प्रथम काउंटरवर सांगावे. दळण एक अंश बदलल्याने किंवा पाण्याची गाळणी नवी बसविल्याने जो दोष जाण्यासारखा आहे, तो चारचौघांत सांगण्यापूर्वी करणाऱ्यास कळणे हे गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांच्याही हिताचे असते. असा अभिप्राय देणारी गिऱ्हाइके ज्या वस्तीत असतात, तेथील कॉफीचा दर्जा टिकून राहण्यास मदत होते.